त्या साक्षीला मी आमेन म्हणालो

सेलूत कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या एका खोलीत आमची ख्रिस्ती मंडळी जमते. मी तिथला पाळक. लोक पास्टर म्हणतात. ज्या माणसाबद्दल लिहितो आहे, त्याला त्याच्या बायकोने पहिल्यांदा उपासनेला आणलं तेव्हा तो दाराबाहेरच बसला. मी आत बोलावलं तर म्हणाला, "इथंच बरंय. मला खोकला हाय, लोकायला तरास नको."

तो जिनिंगमध्ये हमाली करायचा. हंगामात दिवसभर कापसाच्या गाड्या रिकाम्या करायच्या आणि संध्याकाळी भुवयांवर रुई घेऊन घरी यायचं. खोकला त्या रुईनेच येतो, असं तो वर्षभर धरून चालला होता. दिवाळीच्या सुमाराला थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा बायकोने त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. टीबी निघाला. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही, असं बजावून तिथल्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. त्यांच्या वस्तीतल्या आशाताई गोळ्या घरी आणून द्यायच्या.

मी दर रविवारी त्याच्या छातीवर हात ठेवून प्रार्थना करायचो. मनापासून करायचो. इतकं सगळं झाल्यावरही त्या प्रार्थनेला मी खोटं म्हणू शकत नाही. दोन महिन्यांत त्याचा खोकला थांबला, गालांवर मांस आलं, तो पुन्हा कामावर जायला लागला.

आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते ज्याला वाटेल त्याने उभं राहून सांगायचं. नाताळानंतरच्या रविवारी तो उठला. तोपर्यंत चार लोकांत तोंड न उघडलेला माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज खोलीभर घुमला.

"मी मरायला टेकलो व्हतो. येशूनं मला उठिवलं. आता मला कशाची गरज न्हाई. काल समद्या गोळ्या नाल्यात फेकून दिल्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बाया रडायला लागल्या. आणि मी, समोर बायबल हातात घेऊन उभा असलेला मी, मोठ्याने म्हणालो, "आमेन!"

गोळ्यांचं वाक्य मी ऐकलं होतं. कानांवरून गेलं असं म्हणायची सोय मला नाही. हे चुकतंय, हेही कळलं होतं. पण खोलीत जे भरून आलं होतं ते मला मोडवेना. इतक्या वर्षांत माझ्या मंडळीत असं काही घडलं नव्हतं. मी घसा कोरडा करून शिकवायचो आणि लोक अर्धं लक्ष देऊन ऐकायचे. त्या दिवशी प्रत्येक माणूस सरसावून बसला होता.

एकट्या त्याच्या बायकोने टाळ्या वाजवल्या नाहीत. उपासना संपल्यावर ती माझ्याकडे आली. "पास्टर, तुमी त्यायला सांगा. अजून चार महिने गोळ्या घ्याच्या हायत. माजं न्हाई ऐकायलेत, तुमचं ऐकतील."

मी तिला म्हणालो, "त्याचा विश्वास नवा आहे, बहिणी. आत्ता आपण शंका घेतली तर तो मोडेल."

तिने पदर सावरला आणि गेली.

त्याच आठवड्यात आशाताई माझ्या घरी आल्या. बाई हिंदू, चांगल्या ओळखीच्या. त्यांनीही तेच सांगितलं. मी म्हणालो, "ताई, मी कुणालाच गोळ्या सोडायला सांगितलं नाही." हे अक्षरशः खरं होतं. त्या चहाही न घेता उठल्या.

पुढचे काही महिने मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून गावोगाव नेलं. देवगाव फाट्याच्या पलीकडे दोन वस्त्यांवर आमच्या घरगुती प्रार्थना चालायच्या, तिथे तो साक्ष द्यायचा. लोक रुग्णांना घेऊन यायला लागले. पत्र्याची खोली अपुरी पडू लागली, बाहेर सतरंजी टाकावी लागायची. तो माझा उजवा हात झाला होता. मला बायबलमधले दहा कुष्ठरोगी आठवत होते. त्या माणसांना प्रभूने आधी मंदिरातल्या याजकाला दाखवून यायला सांगितलं होतं, म्हणजे तपासून घ्यायला सांगितलं होतं. हा भाग मी अनेकदा शिकवला आहे. त्या महिन्यांत एकदाही शिकवला नाही.

उन्हाळा लागला तसा तो बारीक दिसायला लागला. गाडीवर मागे बसला की मध्येच अंग आवळून घ्यायचा, ते माझ्या पाठीला कळायचं. विचारलं तर "उन्हाचं हाय" म्हणायचा. साक्ष देताना आता तो लवकर आटपायचा आणि बाहेर निघून जायचा. मी त्याच्या मागे गेलो नाही.

एका दुपारी देवगाव फाट्यावर चहाला थांबलो असताना तो टपरीच्या मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. मी जाऊन पाहिलं. भिंतीला हात टेकून तो वाकला होता आणि तोंडात उपरणं कोंबून खोकत होता. आवाज बाहेर येऊ नये म्हणून. उपरणं काढलं तेव्हा त्यावर रक्त होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीपासून."

"आणि सांगितलं का नाहीस?"

तो खाली बसला. दम खाऊन म्हणाला, "मीच खोकायलोय म्हणल्यावर लोक काय म्हणतील, पास्टर? देवाचं नाव खराब व्हईल. तुमचंबी."

मी म्हणालो, उद्याच परभणीला दवाखान्यात जाऊ, पुन्हा गोळ्या सुरू करू. त्याने माझ्याकडे वर पाहिलं. "मंग ते पयलं झालतं ते खोटं व्हतं का?"

गोळ्याही देवाच्याच हातून आल्या होत्या, हे मी त्याला सांगायला हवं होतं, पण ते नाताळानंतरच्या रविवारी सांगायचं होतं. आता ते तोंडातून निघालं असतं तर पळवाट वाटली असती. मी गाडी सुरू केली.

परभणीला डॉक्टरांनी थुंकी तपासायला घेतली. काही दिवसांनी आम्ही रिपोर्टसाठी गेलो. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलले. साध्या गोळ्यांना हे जंतू आता दाद देत नव्हते. मोठा कोर्स घ्यावा लागणार होता, त्याचा त्रासही होणार होता. फुप्फुस आधीच बरंच खराब झालं होतं. मग त्यांनी विचारलं, "मध्येच औषध सोडायला कुणी सांगितलं?"

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

"कुणी न्हाई," तो म्हणाला, "माजं मीच."

डॉक्टरांनी माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे एकदा पाहिलं आणि लिहायला लागले. मी तिथेही बोललो नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, असं त्यांनी सांगितलं. बायकोला काही निघालं नाही. नववीत शिकणाऱ्या मुलीला टीबी निघाला.

नव्या औषधांनी त्याला उलट्या व्हायच्या, कानात सतत आवाज यायचा. तरी त्याने एक दिवस चुकवला नाही. बायको आता शेतात खुरपायला न जाता घरीच थांबायची. बाप-लेकीच्या खाटा दोन टोकांना टाकलेल्या, दार-खिडकी उघडी. मी जायचो तेव्हा ती मला पाणी द्यायची, पण बसा म्हणायची नाही.

पाऊस संपता संपता एकदा त्याने माझा हात धरला. हाडांशिवाय त्या हातात काही उरलं नव्हतं. "पास्टर, मला एकदा मंडळीत न्या. मला साक्ष द्याची हाय."

"कसली?"

"मी चुकलो म्हणून सांगायचंय. माज्या बोलण्यानं त्या फाट्याकडच्या म्हातारीनं बी शुगरच्या गोळ्या सोडल्यात म्हणं. लोकायला सांगायला पाहिजे."

ते मला माहीत नव्हतं. मी हादरलो. तरीही मी त्याला काय म्हणालो? "आधी नीट बरा हो. मग सांगू." तो अशक्त आहे, त्याला उभंही राहता येणार नाही, अशी कारणं मी मनाला दिली. खरं हे होतं की त्याने उभं राहून ते सांगितलं असतं तर पुढे मलाही उभं राहावं लागलं असतं. त्या दिवशी म्हातारीकडे मात्र गेलो. तिच्या पायाला जखम होऊन ती चिघळली होती. तिला मुलासोबत गाडीवर बसवून दवाखान्यात पाठवलं; पाय वाचला, दोन बोटं गेली.

तो नाताळाच्या आठ दिवस आधी, सकाळी गेला. आम्ही त्याला परभणीच्या दफनभूमीत पुरलं. मातीच्या वेळी बायको माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "वचन वाचा, प्रार्थना करा. पर देवाची इच्छा व्हती असं म्हणू नका." मी म्हणालो नाही.

पुढच्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गोळ्या फेकल्याचं ऐकूनही मी आमेन म्हणालो होतो. बायकोने विनवलं, आशाताईंनी विनवलं, मी ऐकलं नाही. त्याला स्वतःची चूक सांगायची होती, ती मी सांगू दिली नाही. बोलताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मग एक वडीलधारे सभासद उठले. "पास्टर, हे घरात ठेवायचं होतं. नव्या लोकांपुढे कशाला?" आणि ते बाहेर गेले. त्यांच्यामागे आणखी काही. महिनाभरात बाहेरची सतरंजी गुंडाळून ठेवली. आता पुन्हा तीस-पस्तीस माणसं येतात. त्या वस्त्यांवरही मी घरोघर जाऊन हेच सांगितलं. एका घरी दार लावून घेतलं, बाकीच्यांनी ऐकून घेतलं.

त्या रविवारी त्याची बायको आली नव्हती. मी तिच्या घरी गेलो, मंडळीत काय बोललो ते सांगितलं आणि क्षमा मागितली. ती ज्वारी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"तुमी आता सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. "पर मला अजून क्षमा करता येत न्हाई, पास्टर. रोज करायला बघते. न्हाई व्हत."

मी मुलीबद्दल विचारलं. "तिच्या गोळ्या मी हातानं देते. तिच्यासाठी प्रार्थना करा, पर तुमच्या घरी बसून."

मी तसंच केलं. रोज सकाळी मुलीचं नाव घेतलं, आणि गोळ्या चुकू नयेत, एवढंच मागितलं.

मुलीचा कोर्स पूर्ण झाला. रिपोर्ट चांगला आला, हे मला आशाताईंकडून कळलं. ती आता दहावीला आहे, एक वर्ष मागे पडली. तिची आई आमच्याकडे येत नाही. रविवारी ती रेल्वेने परभणीला जाते, तिथल्या मोठ्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते, असं ऐकतो. मध्यंतरी आठवडी बाजारात समोर आली. मी थांबलो. तिने ओळख दाखवण्यापुरती मान हलवली, मुलीला "चल" म्हणाली आणि दोघी भाजीच्या ओळीत पुढे गेल्या.