मेंढीपाशी बसलेली दुलमजाव

ओंगी नदीच्या काठी एखाद्या मेंढीनं आपलं पिल्लू लाथाडलं, की दुलमजावला बोलावणं जायचं. ती मेंढीच्या पाठीवर हात ठेवायची आणि ‘टोइग, टोइग’ असं चुचकारत गायला बसायची. आवाज काही फार गोड नव्हता. पण त्यात घाई नसायची. कधी तासाभरात, कधी दुपार कलल्यावर मेंढीचे डोळे निवायचे आणि पिल्लू लुचू लागायचं. घोड्याला तिनं कधी चाबूक लावला नाही. कुत्र्यालासुद्धा ती ‘बाळा’ म्हणायची.

माणसांचं मात्र वेगळं. तिथं तिची जीभ म्हणजे लोकर कातरायची कात्री. मुलगा दूर खाणीवर कामाला. दाबलेल्या लोकरीच्या नमद्याच्या त्या गोल तंबूत ती आणि सून सारनाई, दोघीच. दोन वर्षं ती कात्री सुनेवरच चालत होती.

यंदा मेंढ्या विऊ लागल्या, त्याच आठवड्यात दुलमजावला सारनाईच्या पलंगाखाली बांधून ठेवलेलं बोचकं दिसलं. परवा टपालाची गाडी येणार होती. पोर माहेरी निघाली होती, आणि परतण्यासाठी नव्हे. थांब म्हणावं कसं, हे दुलमजावला ठाऊक नव्हतं. म्हणून ती बोललीच नाही.

दुसऱ्या सकाळी घरच्याच मेंढीनं पिल्लू झिडकारलं. सारनाईनं तिची मान धरली. दुलमजाव गाऊ लागली.

“टोइग, टोइग... अगं, नीट धर! हात आहेत की शेवया? टोइग, टोइग...”

मेंढीनं उसळी घेतली. पिल्लू कोलमडलं.

“माहेरी मेंढ्या होत्या की दगड? टोइग, टोइग...”

पुन्हा उसळी.

शेजारचा गोंबो दोर मागायला आला होता. तो कुंपणाला रेलून हसला. “वहिनी, गाणं मेंढीला आणि शिव्या सुनेला! मेंढीला कानांची जोडी एकच, दोन्ही त्यातच जातं हो.”

“तू दोर घे आणि चालता हो, मेल्या!”

तो गेला. पिल्लू थंडीनं कुडकुडत होतं. दुलमजावच्या तळव्याखाली मेंढीची पाठ थरथरत होती. तिनं वर पाहिलं. मेंढीच्या मानेवरचे सारनाईचे हातही तसेच थरथरत होते.

दुलमजावनं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिनं तोच संथ सूर धरला.

“टोइग, टोइग... आपला खारा चहा छान करतेस तू, सारनाई. मीठ नेमकं पडतं.”

सारनाई दचकली. “हे तुम्ही कधी म्हणाला नाहीत.”

“नाही म्हटलं. टोइग, टोइग... वादळात चुकलेल्या बकऱ्या तू एकटीनं आणल्यास. मी उशीर झाला म्हणून ओरडले. टोइग... जाऊ नकोस, पोरी.”

“आई, सरळ बोला ना.”

“सरळ बोलायला गेले की वाकडंच निघतं. असंच ऐक.”

सारनाईला हसू फुटलं, आणि डोळेही भरले. “मग सूर सोडू नका. पुढे?”

दुलमजाव दुपारपर्यंत गात राहिली. सुनेचं कौतुक करायची सवय नव्हती, त्यामुळे काही गोष्टी दोनदोनदा आल्या. पिल्लू कधी लुचू लागलं, दोघींनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी टपालाच्या गाडीचा भोंगा वाजला. सारनाई बाहेर गेली. दुलमजाव आत चुलीपाशी कान देऊन बसली.

“या खेपेला नाही येत,” सारनाई ड्रायव्हरला सांगत होती. “पुढच्या वेळचं पुढे बघू.”