आकडा जुळला का?

नगरहून कोल्हारला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. पन्नाशीचा, हडकलेला. राहुरी सोडल्यावर कंडक्टर माणसं मोजत आला, तसा हा दोन्ही हात पुढे धरून उभा राहिला.

"बसा की काका," कंडक्टर म्हणाला.

"आकडा जुळला का?" त्याने विचारलं. जुळला म्हटल्यावरच बसला.

मग आपणहून मला सांगू लागला. आखातात ड्रायव्हर होता. मालकाने पासपोर्ट अडकवला, व्हिसा वाढवला नाही, आणि सव्वा वर्ष कोठडीत बसला हा.

"खटला न्हाई, शिक्षा न्हाई. दिवसातनं तीनदा मोजायचे. आकडा चुकला की समद्यांनी उभं ऱ्हायचं. शुगरची गोळी मागितली की म्हनायचे, उद्या."

त्याची एक चप्पल पायातून निसटून सीटखाली गेली होती. मी दाखवली तेव्हा त्याला कळलं.

"बोटं मेलीत," एवढंच म्हणाला.

सुटून त्याला दोन वर्षं झाली होती. कोल्हारला दार उघडलं, तरी तो पिशवी घेऊन पायरीवर थांबला आणि कंडक्टरकडे वळला.

"जाऊ का?"

कंडक्टरने मान हलवली, तेव्हा कुठे तो आपल्या गावात उतरला.