रवळनाथाचं नाव कुठं गेलं?

सोमवारी सकाळी नऊ वाजता धोंडू तावड्यांना इस्पितळात दाखल व्हायचं होतं. मंगळवारी गळ्याची शस्त्रक्रिया होती. गाठ स्वरयंत्राला चिकटलेली होती. ती सुटली तर ठीक, नाहीतर स्वरयंत्रासकट काढावी लागणार होती. यातलं काय होईल हे पोट... म्हणजे गळा उघडल्याशिवाय सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. अशा वेळी डॉक्टरची जीभही अडखळते, हे पाहून धोंडू जास्तच घाबरले होते.

त्यामुळे रविवार दुपार हीच काय ती हातात होती.

धोंडूंनी फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत एकोणतीस वर्षं लिफ्टमन म्हणून नोकरी केली. माळ्याचा आकडा ते असा खणखणीत सांगायचे की जिन्याने चढणाराही थबकायचा. पण करी रोडच्या त्यांच्या चाळीत लिफ्टमन म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हतं. तिथे ते गाऱ्हाणं घालणारे तावडे होते. होळी असो, पूजा असो, कोणाच्या नव्या दुकानाचा नारळ असो, देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं काम त्यांचं. एकाने म्हणायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार द्यायचा. गावच्या देवांची नावं कोणत्या क्रमाने घ्यायची, कोणाला आधी हाक मारायची, हे त्यांना वडिलांकडून तोंडी मिळालं होतं. वडिलांनी बजावलं होतं, ‘लिवलेला गाराणा देव आयकणा नाय.’ म्हणून कागदावर एक अक्षर नव्हतं. पुतण्या विनीत पुढे म्हणायला तयार होता, पण चार वाक्यांनंतर त्याची गाडी थांबायची.

“लिहायचं नाही ना? मग रेकॉर्ड करू,” असं मुलगी अक्षदा म्हणाली. ती एका विमा कंपनीत कामाला होती आणि हौस म्हणून घरी गाणी रेकॉर्ड करायची. तिच्याकडे माइक होता, लॅपटॉप होता आणि दोघांच्या मधे जोडायचं साउंड कार्ड होतं. हातात मावेल एवढी काळी डबी. माइकमधला आवाज तीच लॅपटॉपला पोचवणार.

धोंडू हो म्हणाले खरे, पण मनात पाल चुकचुकली. रेकॉर्ड करणं म्हणजे लिहिणंच नाही का?

पहिल्या प्रयत्नात नुसती घूंऽऽ अशी घरघर आली. अक्षदाने लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपसला. घरघर थांबली. “चाळीच्या वायरिंगला अर्थिंग कुठंय,” ती म्हणाली. “बॅटरीवर करू.” मग पंख्याचा आवाज येऊ लागला. मे महिना, त्यात बाबांना धाप लागलेली. पंखा बंद करणं शक्य नव्हतं. तिने लॅपटॉपवर मागचा गोंगाट काढून टाकायच्या पर्यायावर खूण केली. पंखा एकदम नाहीसा झाला.

“हां, आता घाला.”

धोंडूंनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा वयवाटीच्या धन्या...” सवयीप्रमाणे प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत होते, होकारापुरते. समोर होकार देणारं कोणी नव्हतं, तरी थांबत होते.

अक्षदाने ऐकवलं. पहिलं वाक्य स्वच्छ आलं. मग शांतता. आणि मग: “...नाथा, तुझ्या पायाकडे ही लेकरां जमली हत.”

“रवळनाथाचा नाव खंय गेला?” धोंडूंनी विचारलं.

“माइकपासून तोंड वळवलंत का?”

“नाय गो.”

दुसऱ्यांदा ‘नाथा’सुद्धा आलं नाही. पुढची पावणाई देवी गेली. भूमका देवी गेली. मागणी तेवढी शिल्लक राहिली. ती कोणाकडे करायची त्यांची नावं नाहीत.

अक्षदाने वायर बदलली. डबी दुसऱ्या भोकात लावली. डबी चालवणारा प्रोग्राम काढून पुन्हा घातला, लॅपटॉप बंद करून चालू केला. दर वेळी धोंडूंना पहिल्यापासून म्हणावं लागत होतं आणि दर वेळी आवाज थोडा थोडा फाटत होता. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं. चौथ्या खेपेला खोकल्यासोबत रुमालावर तांबूस डाग आला. त्यांनी रुमाल मुठीत दाबला.

“बाबा, तुमची लिफ्ट दोन माळ्यांच्या मधे अडकलीय,” अक्षदा हसवायला म्हणाली.

धोंडूंना हसू आलं नाही. एखादं नाव गेलं असतं तर यंत्राची चूक म्हटलं असतं. पण बाकी शब्द राहतात आणि नेमकी देवांचीच नावं गळतात, याचा अर्थ काय? वडिलांचा शब्द मोडला. देव उठून गेले. आणि परवा त्याच देवांच्या भरवशावर आपण गळा पुढे करणार.

“बंद कर ता.”

“एकदाच अजून. मला वाटतं डबीच खराब—”

“डबी नाय खराब!” ते ओरडले आणि ओरडणं अर्ध्यातच फुटलं. “आपली नियत खराब. बापूस सांगान गेलो तरी आयकलय नाय. देव नाव सांगूक देणत नाय माका.”

अक्षदा हळूच म्हणाली, “मग परवा हे सगळं तुमच्याबरोबर... तुमच्या आवाजाबरोबर जाऊ दे म्हणता?”

धोंडूंनी पुन्हा हात जोडले. आवाज आता घोगरा, जेमतेम ऐकू येईल असा. पहिलं वाक्य संपलं, ते थांबले, आणि ओट्याशी कोकमं धूत असलेल्या बकुळाबाई, त्यांच्या पत्नी, पाठमोऱ्याच बोलून गेल्या, “व्हय म्हाराजा.”

“आई! रेकॉर्डिंग चालू आहे.”

“अगो, चाळीस वर्षांची सवय. तोंडातून गेलं. ते थांबले की मला राहवतच नाही.”

अक्षदा ऐकवायला लागली आणि मधेच पुढे झुकली. बकुळाबाईंच्या होकारानंतर ‘रवळनाथा’ पूर्ण आलं होतं. त्याच्यापुढच्या थांब्यात कोणी बोललं नव्हतं. तिथली पावणाई गायब होती.

“बाबा, थांबू नका. म्हणजे थांबा, पण... कळलं मला!” ती म्हणाली. “तुम्ही गप्प झालात की याला वाटतं माणूस गेला. मग हा दरवाजा लावून घेतो. तुम्ही पुन्हा बोललात की उघडेपर्यंत पहिला शब्द बाहेरच राहतो. तुमचा पहिला शब्द म्हणजे देवाचं नाव. पंखा काढायला मीच केली ती खूण. माझी चूक.”

“देवाचो राग नाय?”

“देवाचा कसला? लॅपटॉपचा.”

तिने खूण काढली. पंख्याची घरघर परत आली, खालच्या गल्लीतला टेम्पोचा हॉर्नही आला. धोंडूंना तो गोंगाट बरा वाटला. एक भीती गेली होती. तिच्यामागे उभी असलेली आता पुढे आली होती.

“बकुळा, हंय ये. नीट उभी रव.”

त्या हात पुसत आल्या. धोंडूंनी अथपासून सुरुवात केली. एकेका देवाला हाक मारली. प्रत्येक थांब्यावर बकुळाबाईंचा होकार आला. कोणाच्या वाटेत आडवं आलं असेल ते बाजूला सार, चाळीतल्या लेकरांना सुखी ठेव, चुकलं-माकलं पदरात घे. शेवटचं वाक्य संपलं. अक्षदाचा हात बटणाकडे गेला, तेवढ्यात ते पुन्हा बोलले. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नसतं, हे त्यांनी कधी मोडलं नव्हतं. आत्ताही मागितलं काहीच नाही.

“म्हाराजा, माका भिती वाटता.”

होकार यायला वेळ लागला. बकुळाबाईंनी पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला, आणि म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.”

अक्षदाने रेकॉर्डिंग थांबवलं. डोळे न उचलता विचारलं, “शेवटचं कापू?”

“नको. ऱ्हवांदे.”

मग तिने पूर्ण ऐकवलं. धोंडू बोटांच्या पेरांवर देव मोजत होते. एकही गळला नव्हता. ‘पदरात घे’ आलं तसे ते उठले, गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून खालच्या गल्लीकडे बघत उभे राहिले. आतून आधी त्यांचा आवाज आला, मग बराच वेळ नुसता पंखा, मग बकुळेचा. रेकॉर्डिंग संपल्यावरही ते लगेच आत आले नाहीत.