रिळाची किरकिर

बाबा मासे गरवून आले की ओटीवर बसून गळाच्या रिळावर गोडं पाणी सोडत आणि ते फिरवत राहत. त्याची किरकिर ऐकली की आई तवा ठेवायची.

आज दादानं ते रीळ उघडलं. झिजलेली स्प्रिंग बदलली, बेअरिंग बदललं आणि तंगूस जिच्यावरून धावतो ती इवलीशी कप्पीही बदलली. जुनी कप्पी मी उचलली. तंगुसाच्या त्या मऊ नायलॉनच्या धाग्यानं धातूत चरा पाडला होता. बाबांचं सगळं ताटकळणं त्यात असेल? माझं नख पुन्हापुन्हा त्या चऱ्यातून फिरत होतं. कप्पी खाली ठेववेना.

दादानं रीळ जोडून फिरवलं. जराही आवाज नाही.

आतून आईनं विचारलं, "थांबलास का रे?"

दादा फिरवतच होता.