रेडिओवरची आत्याबाई आणि आमचे गुरुजी

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही — पोटच्या लेकींनाही नाही. तुम्ही हसाल. हसा बापडे.

आमचे हे अकोल्यात भिक्षुकी करायचे. चेहरा असा, की बारशालाही लोकांना सुतक आठवावं. घरोघरी नुकताच रेडिओ येऊ लागला होता. आणि हाच माणूस दर आठवड्याला नागपूरला जाऊन तिथल्या रेडिओवरच्या एका विनोदी मालिकेत खाष्ट आत्याबाई व्हायचा — खोट्या नावानं! शेजारीपाजारी मी सांगायची, अमरावतीला कुणाकडे ग्रहशांत करायला गेलेत म्हणून. ज्याच्या आवाजाला लोक हसतात, त्याच्या हातून बापाचं श्राद्ध कोण करवून घेईल? आमची चूल तर श्राद्धांवरच.

मग मी गप्प बसावं ना?

बसलेही, बरेच दिवस. पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी वकीलसाहेबांकडे गेले, यांचे सगळ्यांत मोठे यजमान ते. आंब्याची डाळ खाता खाता बायका आत्याबाईची नक्कल करून राहिल्या — "काहून वो सूनबाई, तुपाची नदी वाहून राहिली का?" मला आतून गुदगुल्या. तेवढ्यात वकिलीणबाई म्हणाल्या, "तुमी कायच्या हसता वहिनी? गुरुजींच्या घरी हसाले बंदी असन!"

लागलं मला ते. आणि मी — कसं सांगू — सांगून टाकलं. कोणाला बोलू नका, हेही म्हटलं. अख्ख्या ओसरीला.

पुढच्याच महिन्यात वकीलसाहेबांच्या वडिलांचं श्राद्ध. मी तिथेच, सोवळ्यात वडे तळत. यांनी पिंड मांडले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तूप थोडं आणखी लागेल."

आधी वकिलीणबाईंनी पदर तोंडात कोंबला. मग सगळ्याच खिदळल्या. हातातले दर्भ हलू लागले म्हणून पाहिलं, तर खुद्द वकीलसाहेब हसत होते! आणि — हेही सांगते — मीही हसले.

पुढच्या वर्षी तिथे दुसरे गुरुजी गेले.

श्राद्धाच्या त्या दिवशी घरी येऊन हे म्हणाले, "माझाच आवाज घसरला गं. आत्याबाई निघाली तोंडातून." नव्हती निघाली. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? मी भाकरी उलटली.

यांनी रेडिओ सोडला. नागपूरच्या गाडीत चढताना केवढे तरणे दिसायचे! त्यानंतर जन्मभर, आवाज जड व्हावा म्हणून, पहाटे मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायचे. पाणी मीच तापवून द्यायची.