मुतायन

बी.एस्सी.ला मी जीवरसायन घेतलं. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. आमच्या कडाव गावातल्या भातगिरणीच्या मालकाने त्या विषयाचं बारसं केलं: मुतायन. आम्हाला लघवी तपासायला शिकवतात, एवढंच त्याच्या कानावर गेलेलं. मी सुट्टीला आलो की गिरणीच्या ओट्यावरून हाक यायची, "काय रं मुतायन! बापानं नांगर धरला, तू मूत हुंगतोस व्हय?" आधी स्वतः हसायचा, मग मांडीवर थाप मारायचा, मग सगळा ओटा हसायचा.

दिवाळीत तोच आमच्या मागल्या दाराने स्वतःच्या लघवीची बाटली घेऊन आला. अंग झडलेलं, तहान भागत नव्हती. "कुनाला बोलू नको रं."

मी कॉलेजातून आणलेल्या निळ्या द्रावणात थेंब टाकून उकळलं. ते विटकरी लाल झालं. लघवीत साखर होती, आणि पुष्कळ.

"काका, गोड आजपासून बंद. कर्जतला डॉक्टरांकडे जा. जिवावरचं दुखणं हाय."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चारचौघांत चहा आला. माझ्याकडे बघत त्याने गुळाचा खडा तोंडात टाकला. हा मरेल, पण माझं खरं होऊ देणार नाही!

"थुंका तो गूळ!" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

त्याने शांतपणे दुसरा खडा उचलला.