नोरा मॅडमचा मोठा रोल

नोरा मॅडम मेली. तुमच्यापैकी कोणीच तिले ओळखत नाई, त्याचाच राग आहे मले.

इंग्लंडच्या टीव्हीवर काम करे ती. जन्मभर केलं.

काम काय? दार उघडणारी शेजारीण. नर्स. चहा आणून ठेवणारी बाई. एकदा तं नुसतं मढं.

तिनंच सांगितलं होतं, हसत. "दोन वाक्यं बोलते न् बाहेर जाते. घरचे लोक पाणी प्याले उठले का मी संपली."

पयला मोठा रोल भेटला, तो आमच्या अल्लीपूरकडच्या वावरात.

तिकडच्या टीव्हीसाठी इंग्रजांच्या काळातली मालिका होती. नोरा मॅडम हिरोईन. मी नवी सून. मी, माही सासू न् गावातल्या बाया मागं कापूस वेचाले.

शूटिंग थांबलं का मॅडम आमच्यात येऊन वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसे. सासूच्या डब्यातला ठेचा खाये न् नाक पुसत राहे. आमचं तिले न् तिचं आमाले सांगाले नागपूरची एक पोरगी होती.

सासूनं एक दिवस सरळच विचारलं, "काऊन वो, केस पिकाले आले, आतापर्यंत मोठं काम काऊन नाई भेटलं?"

पोरगी लाजली. पण सांगितलं तिनं.

मॅडम म्हणे, "मावशी, कोणी विचारलंच नाई."

मंग तो सीन आला. घोड्यावर माणूस येते न् सांगते, तुहा पोरगा लढाईत मेला.

आमाले सांगून ठेवलं होतं, बायांनो, वर पाहाचं नाई. कापूस वेचत राहाचं.

नोरा मॅडम रडली.

काय रडली बाप्पा! आधी आवाजच नाई निघाला. कापसाच्या पऱ्हाटीचा आधार घ्याले गेली न् तिथंच खाली बसली.

आमच्याकडं बाई रडली तं दुसरी बाई उभ्यानं पाहत नाई. जाऊन गळ्यात पडा लागते.

सासूनं ओटीतला कापूस टाकला न् कॅमेऱ्याच्या समोरून धावली. "रडू नको वो माय, मी आहो ना!"

तिच्या मागं आम्ही सगळ्या. कोणी आपल्या मायले आठवून रडे, कोणी गेलेल्या लेकराले.

डायरेक्टरनं टोपी फेकली. ओरडला.

सासू त्याच्यावरच उलटली, "तुह्या घरी कोणी मरत नाई का रे? बाई एकटी रडून राह्यली न् आम्ही कापूस वेचू?"

पोरीनं ते इंग्रजीत सांगितलं. नोरा मॅडम डोळे पुसत त्याले म्हणे, "हेच ठेवा."

ठेवलं.

जातानी सासूचे हात धरले तिनं. "टीव्हीवर दाखवतील, मावशी. पाहजो."

सासू पाहत राह्यली. केबल आलं, डिश आली. गोरी बाई दिसली का हातातलं काम टाकून बसे.

"माह्या लेकीचं काम काऊन नाई दाखवत हे मेले?"

"दाखवतील ना वो. बसा चूप," मी खेकसे.

वाट पाहता पाहताच गेली माही सासू.

काल पुण्याहून सोनूचा फोन. माही पोरगी, आजीच्या मांडीवर हीच गोष्ट ऐकून वाढलेली.

"मम्मी, तुमची नोरा मॅडम गेली गं. इंग्लंडच्या पेपरमधे आलंय."

"वाच."

वाचलं तिनं. नर्स. शेजारीण. चहावाली.

"न् आमची मालिका?"

"त्यात नाहीये, मम्मी."

"नीट पाह्य!"

पाह्यलं तिनं, दुसरीकडंही शोधलं. मालिका मधातच बंद पडली होती. कधी दाखवलीच नाई. कोणालेच नाई.

जन्मभर दुसऱ्याच्या मालिकेत दार उघडलं त्या बाईनं. तिच्यासाठी एकदा उघडलं, तं तेही लावून घेतलं.

पेपरवाले लिहितात, छोट्या भूमिका करणारी नटी.

खोटं आहे. आम्ही होतो तिथं. आम्ही पाह्यलं.

आज सकाळी वावरात बायाले सांगितलं. तेव्हाच्या दोघी-तिघीच उरल्या. ओट्या सोडल्या न् धुऱ्यावर बसलो. नव्या पोरी विचारू लागल्या, कोण मेलं वो काकू? नातं काय सांगू?

नोरा मॅडम, तिकडं सासू भेटन. मालिकेचं तूच सांगजो तिले. माह्यानं नसतं झालं.

जा बाई. रडाले आम्ही आहो.